तांदळातून भिंतीवर

माझ्या मावसभावाच्या जयपूरच्या घरात एक झरोका आहे. तो घराच्या आत आहे. दिवाणखान्याच्या भिंतीत बसवलेल्या त्या कोरीव दगडी खिडकीतून डोकावलं, की पलीकडे वॉशिंग मशीन दिसतं. पूर्वी राण्या झरोक्यातून मिरवणूक पाहत असत, असं वहिनी पाहुण्यांना सांगते. पाहुणे डोकावतात, कपडे फिरताना बघतात आणि "वा" म्हणतात.

जयपूरच्या शेजाऱ्यांपैकी कुणाच्या घरात झरोका मी पाहिलेला नाही. ते ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवतात, कारण इथे धूळ फार येते. झरोका हवा असतो तो बाहेरून आलेल्यांना, आणि माझ्या मावसभावाला, ज्याचा जन्म इथलाच आहे.

मावशी लग्नानंतर जयपूरला आली. तिचे यजमान इथे विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवत. ते गेले, आणि जगतपुऱ्यातलं हे घर मुलाच्या आणि सुनेच्या हाती आलं. मुलगा, म्हणजे माझा दादा, सीतापुऱ्यातल्या एका फर्निचर निर्यात करणाऱ्या कारखान्यात उत्पादन बघतो. वहिनी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिचेही आईवडील मराठी, पण ती कोट्यात वाढली. दोघांचं मराठी घरातलं आहे, म्हणजे स्वयंपाकघर आणि नातेवाईक एवढ्यापुरतं. मी एका वृत्तसंस्थेच्या कामासाठी या शहरात राहते आणि रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाते. घराची सजावट झाली ते वर्ष मी असं रविवारी रविवारी पाहिलं.

सजावट करणाऱ्या बाईंनी घराचे तीन भाग पाडले होते: इतिहास, साहित्य आणि दूरदेश. हे शब्द त्या इंग्रजीत म्हणत आणि प्रत्येक शब्दानंतर थोडं थांबत.

दूरदेश बाल्कनीत होता. तिथे मोरोक्कोचे म्हणून टांगलेले पितळी दिवे, निळ्या नक्षीच्या फरशा आणि उंटाच्या खोगिराची स्टुलं होती. उन्हाळ्यात तिथे बसता येत नाही. हिवाळ्यात बसता येतं, समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीकडे तोंड करून. एका कोपऱ्यात जहाजाचं चाक होतं. इथून समुद्र कुठल्या दिशेला सर्वांत जवळ आहे, असं मी एकदा विचारलं. दादाने फोन काढला.

साहित्य काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, जुन्या खोलीत होतं. टेबलावर फीत नसलेला टाइपरायटर, शेजारी दौत, आणि दौतीत सांडू नये म्हणून गोठवलेली निळी शाई. त्यात मोराचं पीस उभं होतं. पुस्तकं रंगांप्रमाणे लावली होती. काकांची बहुतेक पुस्तकं मातकट रंगाची असल्यामुळे ती खोक्यांत भरून गॅरेजमध्ये गेली. लाल कप्प्यात लोणच्यांच्या पुस्तकाशेजारी मूळव्याधीवरचं एक आयुर्वेदिक पुस्तक होतं. दोन्ही लालच होती, त्यामुळे चूक झाली असं म्हणता येत नाही.

इतिहास जिन्यापासून जेवणघरापर्यंत होता. जिन्याच्या एका बाजूला मराठा ढाल-तलवार, दुसऱ्या बाजूला राजपूत ढाल-तलवार. दोन्ही एकाच साच्यातून निघालेल्या होत्या.

"यातली मराठा कुठली?" मी विचारलं.

"ज्याच्यावर केशरी लाइट आहे ती," दादा म्हणाला.

"आणि बल्ब बदलला तर?"

"तू ना, मतलब, पत्रकारच राहणार," वहिनी म्हणाली.

या सगळ्याबद्दल मावशी काही बोलली नव्हती. तिला स्वतःची खोली आणि स्वयंपाकघरातला देव्हारा पुरेसा होता. देव्हाऱ्यात तिचे पाच टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले देव. खंडोबा, भवानी, भैरोबा, जोगेश्वरी आणि एक वीर, म्हणजे घराण्यातला कुणी अकाली गेलेला पूर्वज. ते तिच्या सासूकडून तिच्याकडे आले होते. रोजच्या स्नानाने आणि गंधाने त्यांचे चेहरे बरेच पुसले गेले होते.

त्या वर्षी वैशाखात मावशी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नाशिकला लेकीकडे गेली. जाताना तिने घरोघरच्या बायका करतात तेच केलं. पूजा होणार नाही म्हणून टाक तांदळाच्या डब्यात ठेवले, वर आणखी तांदूळ घातले आणि झाकण लावलं. परत येईपर्यंत देव तांदळात. "देव तांदळात ठेवलेत," असं तिने सुनेला सांगितलं होतं. त्यावर सून "हो आई" म्हणाली होती.

नाशिकहून मावशीने मला फोनवर सांगितलं, की नवे गुडघे चालायला चांगले आहेत, पण जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. त्यामुळे या नवरात्रात ती शेवटचे घट बसवणार होती. सुनेला शेजारी घेऊन, सगळं दाखवून. दसऱ्याला देव तिच्या हातात द्यायचे आणि आपण मोकळं व्हायचं. "ती करेल," मावशी म्हणाली. "शिकलेली आहे, एकदा दाखवलं की कळेल." तिने त्यासाठी नाशिकहून सुनेला जरीकाठी साडीही घेतली होती.

ती परत आली तेव्हा पितृपक्ष संपत आला होता. मी त्यांच्याकडेच होते. हातपाय धुऊन ती काठी टेकत स्वयंपाकघरात गेली आणि तिने तांदळाचा डबा मागितला.

"तो तर मी धुऊन ठेवला, आई. तांदूळ जुने झाले होते, कामवाल्या बाईला देऊन टाकले," वहिनी म्हणाली.

"आणि देव?"

वहिनीचा चेहरा उजळला. "सरप्राइज आहे. चला."

तिने मावशीला हाताला धरून जेवणघरात नेलं आणि दिवा लावला. बुफेच्या काउंटरवरच्या भिंतीवर काळ्या लाकडाची मोठी चौकट होती. आत किरमिजी रेशीम, आणि रेशमावर वर्तुळात वर्तुळ करून चांदीचे सत्तावीस पत्रे चिकटवले होते. मावशीचे पाच त्यात होते. बाकीचे सजावटीच्या बाईंनी इथल्याच चांदीच्या बाजारातून आणले होते. राजस्थानात लोक असे पत्रे गळ्यात घालतात. कुणी देवाचे, कुणी आपल्या मेलेल्या माणसांचे. घर मोडलं की ते सराफाकडे येतात आणि वजनावर विकले जातात.

"आई, डब्यात पडून होते ना बिचारे," वहिनी म्हणाली. "आता सगळ्यांना दिसतात."

मावशीने चष्मा लावून पाहिलं. "छान दिसतंय," ती म्हणाली. "आता उतरव. परवा घट बसायचेत."

"उतरव मतलब?"

"खाली काढ. देव पानावर बसवायचे असतात."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग दादाकडे. नवरात्राच्या पहिल्या दिवशी घरांवरच्या एका मासिकाची माणसं फोटो घ्यायला येणार होती. तो दिवस तिनेच मुहूर्त चांगला म्हणून दिला होता.

"ते चिकटवलंय, आई. इथेच करा ना पूजा. खाली काउंटर आहेच. गरम डिशेस ठेवतो ते स्टँड आम्ही हलवू."

"म्हणजे घट बिर्याणीच्या जागी?" मावशीने विचारलं.

"नऊ दिवसच तर आहेत."

मावशी खुर्चीवर बसली. रागावलेली वाटत नव्हती. नाशिकच्या पिशवीतली साडी तिने अजून काढली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "मला माझे पाच काढून द्या. बाकीचं तुमचं काय ते तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. दादाने कारखान्यातून गरम हवा मारण्याचं यंत्र आणलं, चौकट टेबलावर आडवी घातली आणि गोंद सोडवायला घेतला. आधी प्रश्न आला, की यातले पाच कुठले. दादाला माहीत नव्हतं. वहिनी म्हणाली, आतल्या वर्तुळातले असतील. सजावटीच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, त्यांनी तोल साधत मांडले होते. म्हणून सगळेच काढायचे ठरलं.

सत्तावीस पत्रे टेबलावर वर्तमानपत्रावर मांडले गेले. ते सगळे सारखे दिसत होते, आणि तसे दिसावेत यासाठी त्यांच्यावर काम झालं होतं. बाजारातल्या पत्र्यांना दोरा ओवायची कडी असते. टाकाला नसते. एवढी एक खूण पुरली असती. पण कड्या रेशमावर नीट बसेनात म्हणून त्या कापून कानशीने घासल्या होत्या. काही पत्रे जास्त चकाकत होते म्हणून सगळे औषधात बुडवून काळे केले, मग उंचवटे तेवढे पुसून उजळले आणि वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, थर दिला. हे काम दादाच्या कारखान्यात झालं होतं. त्याने हे अभिमानाने सांगितलं, आणि सांगताना हळूहळू त्याचा आवाज खाली आला.

घोडेस्वार सात निघाले. खंडोबा घोड्यावर असतो. इथले लोकदेव आणि वीरही घोड्यावर असतात.

दादाने फोनमध्ये पाहिलं. "खंडोबाच्या घोड्याखाली कुत्रा असतो! बघ, ह्याच्याखाली आहे."

"तो पाय आहे," मी म्हणाले.

"मग हा?"

"हा पण पाय आहे, दादा."

"आपल्या खंडोबाचा कुत्रा मी आले तेव्हाच झिजलेला होता," मावशी म्हणाली.

तिने एकेक पत्रा हातात घेतला. खिडकीकडे धरला, अंगठ्याने चाचपला, खाली ठेवला. मला वाटलं होतं, डोळ्यांना नाही तरी हाताला कळेल. इतकी वर्षं रोज सकाळी ज्यांना पाण्यात घातलं, पुसलं, गंध लावलं, ते बोटांना सापडतील. नाही सापडले. बोटांना लॅकर लागत होतं आणि ते सगळ्यांवर सारखंच होतं. दोन पत्रे तिने बाजूला काढले, मग त्यातला एक परत ठेवला, मग दुसराही ठेवला.

वहिनीला क्लिनिकला जायचं होतं. ती पर्स घेऊन उभी होती. "आई, कोणतेही पाच घ्या ना. मतलब, देव तर एकच आहे."

"तुझ्याकडे रक्ताचे रिपोर्ट येतात ना, ते पण कुणाचे कुणालाही देत जा. रक्त तर लालच असतं," मावशी म्हणाली.

"तुम्ही पण ना, आई." वहिनी हसली. तिला तो विनोद वाटला.

वहिनी गेल्यावर मावशीने पुन्हा सगळे पत्रे पाहिले, या वेळी उलटे करून. मागे गोंद होता. त्यांतले काही कुणाकुणाचे पितर असणार आणि आज पितरांना जेवू घालायचा दिवस होता, हे मला सुचलं. मावशीला ते माझ्याआधी सुचलं असावं. तिने स्वयंपाकघरातून खिरीची वाटी आणायला सांगितली, ती टेबलाच्या मधोमध ठेवली, क्षणभर हात जोडले आणि दादाला म्हणाली, "लावून टाक परत."

"आई, अजून बघू ना. मी लॅकर काढून आणतो."

"लॅकर काढशील. त्याखाली काळं आहे. काळं काढशील, तर चेहराही निघेल. लाव परत. मला ओळखता येत नाहीत."

घटस्थापनेच्या सकाळी तिने स्वतःच्या खोलीत एका ठेंगण्या स्टुलावर पाट ठेवला आणि शेजारी खुर्चीवर बसून घट मांडला. माती, धान्य, कलश, नारळ. पाच विड्याची पानं, आणि पानांवर पाच सुपाऱ्या. देव जवळ नसला की सुपारी चालते, हे कुठल्याही भटजीला विचारावं लागत नाही. दिवा लावून तिने पाचही नावं घेतली. शेजारी मी होते. वहिनी त्या वेळी जेवणघरात केस सेट करून घेत होती. साडी पिशवीतच राहिली.

मासिकाची माणसं आली. झरोक्याचा फोटो झाला, वॉशिंग मशीनवर मखमल टाकून. टाइपरायटरसमोर वहिनी बसली आणि तिने एक बोट बटणावर ठेवलं. मग फोटोवाल्या भैयाला मावशीच्या खोलीतला घट दिसला.

"आंटीजी, इसको ज़रा उधर पैनल के नीचे ले लें? रंग बहुत अच्छा आएगा."

"बैठे हुए देव नहीं उठाते, भैया," मावशी म्हणाली.

"बस दो मिनट."

"दो मिनट के लिए आपके पिताजी को उठाते हैं क्या, खाने पर से?"

भैया बाहेर गेला. चौकटीसमोर मासिकाच्या मुलीने वहिनीला विचारलं, की यातले घराण्याचे कुठले. वहिनीने जराही न अडखळता पाच दाखवले. आदल्या दिवशी "आतल्या वर्तुळातले" म्हणून तिने सांगितले होते ते हे नव्हते. फोटोखालच्या ओळी मी लिहून द्याव्यात असं ठरलं, कारण माझं कामच ते. मी लिहिलं: भिंतीवरील चांदीच्या सत्तावीस पत्र्यांपैकी पाच या कुटुंबाचे कुलदेव आहेत, कोणते, हे कुटुंबाला सांगता येत नाही.

वहिनीने वाचलं. "असं नको गं. थोडं वॉर्म लिही."

छापून आलं तेव्हा फोटोखाली होतं, की पाच पिढ्यांची श्रद्धा आधुनिक कलादृष्टीला भेटते.

दसरा झाला. मावशीने घट उठवले, सुपाऱ्या पाण्यात सोडल्या. दादाला वाईट वाटत होतं, हे नोंदवायला हवं. तो वाईट माणूस नाही. त्याला जे येतं ते त्याने केलं. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्याने मावशीसमोर एक डबी ठेवली. आत चांदीचे पाच टाक होते. जोहरी बाजारातल्या कारागिराकडून, फोनवरची चित्रं दाखवून, नीट ठोकून घेतलेले. खंडोबा, भवानी, भैरोबा, जोगेश्वरी, वीर. खंडोबाच्या घोड्याखाली कुत्रा होता. पण कुत्र्याचं तोंड नव्हतं. खंडोबालाही नव्हतं. पाचही चेहरे पुसलेले होते.

"सेम टू सेम, आई. कुणी सांगू शकणार नाही."

मावशीने जोगेश्वरी हातात घेतली. "हिचं नाक कुठे गेलं?"

"बफिंगवर घेतलं. मग थोडं ॲसिड. अमेरिकेला कपाटं पाठवतो ना, त्यांची कड आम्ही अशीच झिजवतो."

"नवेच का नाही आणलेस?"

दादाला प्रश्न कळला नाही. "नवेच आहेत, आई."

"नवे असतील तर नव्यासारखे आणायचे होतेस. माझ्या सासूबाईंची जोगेश्वरी चोरीला गेली होती. त्यांनी दुसरी करून घेतली. मी आले तेव्हा ती अशी लखलखीत होती. नाक, डोळे, बांगड्या, सगळं होतं तिला. आम्ही तिला बसवली की."

"पण आता ही झिजलेलीच आहे ना? मतलब, तेवढं काम वाचलं."

मावशीने जोगेश्वरी डबीत ठेवली आणि डबी त्याच्याकडे सरकवली. वहिनीने बडीशेप फिरवली. तिला वाद मिटला असं वाटलं असावं, कारण ती मावशीच्या शेजारी येऊन बसली आणि खरोखरच्या आपुलकीने म्हणाली, "आई, मग पुढच्या वर्षापासून मीच करायचं ना? नाशिकच्या ताई म्हणत होत्या, तुम्ही देव माझ्याकडे देणार आहात."

"काय देऊ?" मावशी म्हणाली.

वहिनीने डबी उचलून उघडली, पाचही टाक तळहातावर ओळीने लावून पाहिले आणि दादाला विचारलं, की पाहुण्यांच्या खोलीतली ती रिकामी भिंत किती रुंद आहे.